वावरातले शब्द: 'हंगाम'चं पान भरलं

मंडळी, वावरातले, म्हणजे शेतातले, शब्द टिपायच्या माझ्या वहीतलं 'हंगाम' हे पान एकदाचं पूर्ण झालं. हंगाम हा शब्द फारसी, हे लवकर कळलं. वेळ खाल्ला तो खरीप-रब्बीनं. दोन्ही मूळचे अरबी. खरीप म्हणजे शरद आणि रब्बी म्हणजे वसंत. रबिलावल महिन्याच्या नावातही हाच रबी आहे. पण आपण तर मृगाच्या पावसावर पेरतो, मग शरद कुठून आला? शेजारच्या काकाजींपुढे हा पेच मांडला. ते म्हणाले, "पेरलं तवा कोन मोजते बापा? घरी आलं का मोजते."

नेमकं तेच! सोयाबीन सोंगायला येतं आश्विनात, हरभरा माघ-फाल्गुनात. दोन्ही नावं कापणीच्या ऋतूंची आहेत. आणि आपला 'पीक'ही त्याच वाटेचा: संस्कृत पक्व, प्राकृत पिक्क, मराठी पीक. म्हणजे नुसतं उगवलेलं नाही, तर पिकलेलं. परक्या मुलखातला शब्द आणि घरचा शब्द एकाच जागी येऊन भेटले, याचा मला फार आनंद झाला.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मात्र या हिशेबात बसत नाही. पेरणी खरिपाची, पण वेचे थंडीतही चालूच. शेवटचा वेचा होऊन रान मोकळं झालं की उलंगवाडी. एवढा सगळा मामला एका शब्दात! त्याला वहीत स्वतंत्र पान दिलंय.

पेरणीच्या अवजाराचं नाव, तिफण, सोपं निघालं. तीन फणांची ती तिफण, दोनांची दुफण.

आता पुढचं पान पोळ्याचं. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकदार गाणी, सुरू होतात, 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. त्यातली यमकं वऱ्हाडी उच्चारातच जुळतात, म्हणून ऐकू येईल तसंच लिहून घ्यायचं ठरवलंय. शुद्ध करायला गेलं की यमक मोडतं.

या उच्चारावरूनच एक कोडं बांधलंय. वऱ्हाडीत ळचा य होतो: डोळा तो डोया, शाळा ती शाया, सकाळ ती सकाय. हे ध्यानात ठेवा आणि सांगा:

उन्हायात तलावातली गाय उपसली, ट्रॅक्टरात भरली अन् वावरात पसरली. पीक जोमदार आलं. गाय कोणती?

'माय' आणि 'साय' यांच्यावरही अशीच कोडी बांधता येतील. तुम्ही बांधा, मी सोडवतो.