चार एनव्हीएमई ड्राइव्ह आणि राबणारा एकटा थ्रेड

लिनक्सवर एमडीएडीएम या सॉफ्टवेअर-रेडच्या साधनाने चार एनव्हीएमई ड्राइव्हचं (जलद एसएसडी) रेड ५ उभं केलं, म्हणजे डेटा आणि तो परत उभा करायला लागणारी पॅरिटी चारही ड्राइव्हवर विखुरली; वेग मोजायला एफआयओ लावला, आणि ४के रँडम राइटचा (विखुरलेल्या जागी ४ केबीचे तुकडे लिहिण्याचा) आकडा सुट्या एका ड्राइव्हपेक्षाही कमी आला. अशा वेळी पहिला संशय ड्राइव्हवर जातो, दुसरा केबलवर. बहुतेकदा दोघंही निर्दोष असतात. चाचणी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये टॉप उघडा. एमडी०_रेड५ नावाचा एकच कर्नल थ्रेड एका कोअरवर १०० टक्क्यांना टेकलेला दिसेल, बाकीचे कोअर हवा खात बसलेले. आयओस्टॅट या साधनातला %युटिल (ड्राइव्ह किती वेळ व्यस्त होता) मात्र बघूच नका. एनव्हीएमई एकाच वेळी शेकडो मागण्या हाताळतो, त्यामुळे तो १०० दाखवत असतानाही ड्राइव्हमध्ये भरपूर दम शिल्लक असू शकतो.

ट्यूनिंगच्या आधी मोजणी सरळ हवी. इथून पुढच्या राइट चाचण्या ड्राइव्हवरचा सगळा डेटा पुसतात, हे आधी ध्यानात घ्या.

कोऱ्या ड्राइव्हवर घेतलेला आकडा फसवा असतो. ज्या ब्लॉकवर कधी लिहिलंच नाही, तो वाचायला गेलं की कंट्रोलर फ्लॅशला हात न लावता शून्यं परत देतो, आणि रीडचा वेग अफाट दिसतो. राइटचंही तेच, कारण गार्बेज कलेक्शन (जुने ब्लॉक पुसून मोकळे करणं) अजून सुरूच झालेलं नसतं. म्हणून आधी ब्लकडिस्कार्ड कमांडने ड्राइव्ह साफ करा, मग १२८केच्या सलग राइटने पूर्ण क्षमता दोनदा भरा, आणि मग ४के रँडम राइट आकडा घसरून स्थिर होईपर्यंत चालू द्या. ३.८४ टीबीच्या ड्राइव्हला यात काही तास जातात. ते वाचवायला गेलात तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

एफआयओमध्ये डायरेक्ट=१ नसेल तर तुम्ही रॅम मोजताय. इंजिन आयओ_युरिंग किंवा लिबएआयओ, आयओडेप्थ (एकावेळी पाठवलेल्या मागण्या) ३२, नमजॉब्स (समांतर जॉब) ८, रॅम्प_टाइम (मोजणीआधीचा वॉर्मअप) ६०, रनटाइम किमान ३०० सेकंद, सोबत टाइम_बेस्ड आणि ग्रुप_रिपोर्टिंग. सलग चाचणीत एक खड्डा हमखास लागतो: आठही जॉब शून्य ऑफसेटपासून सुरू होतात आणि एकाच जागेवर आदळतात. ऑफसेट_इन्क्रिमेंट देऊन प्रत्येकाला वेगळा पट्टा द्या. सरासरीपेक्षा ९९.९ पर्सेंटाइलची लेटन्सी (हजारातल्या ९९९ मागण्या जितक्या वेळात पूर्ण होतात तो वेळ) नोंदवा, डेटाबेसला तीच बोचते.

आधी प्रत्येक ड्राइव्ह सुटा मोजा, मग चारही एकदम, रेडशिवाय. चार मिळून चौपट येत नसतील तर दोष रेडच्या खाली आहे. एलएसपीसीआय -व्हीव्ही मध्ये एलएनकेएसटीए (पीसीआय एक्सप्रेस लिंकची स्थिती) ओळीत ‘डाउनग्रेडेड’ दिसतंय का बघा. पीसीआय एक्सप्रेस जेन ४ च्या चार लेनची वरची मर्यादा साधारण ७.९ जीबी प्रतिसेकंद, जेन ३ ची त्याच्या निम्मी. दोन सॉकेटच्या मशीनवर ड्राइव्ह एका प्रोसेसरला आणि एफआयओ दुसऱ्यावर असं होतं, तेव्हा न्यूमासीटीएलने एफआयओ ड्राइव्हच्याच प्रोसेसरला बांधून घ्या. आणि तापमान. हवा नीट न फिरणाऱ्या चेसिसमध्ये दहाव्या मिनिटाला थ्रॉटलिंग (तापल्यामुळे ड्राइव्हने वेग कमी करणं) लागतं, तीस सेकंदांच्या चाचणीत ते दिसतच नाही.

आता कागदावर हिशोब. समजा सुटा ड्राइव्ह स्थिर अवस्थेत सेकंदाला दीड लाख ४के राइट देतो. रेड १० मध्ये डेटाच्या दोन प्रती असतात, प्रत्येक राइट दोनदा होतो, म्हणजे चार ड्राइव्हची कमाल तीन लाख. रेड ५ मध्ये एका छोट्या राइटसाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा: चार कामं. हार्ड डिस्कच्या जमान्यातला ‘भागिले चार’ नियम दीड लाख सांगतो. एसएसडीवर रीड स्वस्त असल्यामुळे खरी कमाल दीड ते तीन लाखांच्या मधे कुठेतरी. मोजलेला आकडा याच्या खूप खाली असेल, तरच खालच्या गोष्टींना हात लावा.

पहिला बदल /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/ खालच्या ग्रुप_थ्रेड_सीएनटी मध्ये. मूळ किंमत ०, म्हणजे सगळ्या स्ट्राइपचं (चारही ड्राइव्हवर पसरलेली डेटा-पॅरिटीची ओळ) काम तो एकटा थ्रेड ओढतो. ४ करून मोजा, मग ८. ही संख्या प्रत्येक न्यूमा नोडमागे (साधारणपणे प्रत्येक सॉकेटमागे) असते, त्यामुळे दोन सॉकेटवर ४ म्हणजे आठ थ्रेड. वाढवत गेलात की एका टप्प्यावर थ्रेड लॉकसाठीच भांडू लागतात आणि आकडा उलटा फिरतो. पॅरिटीच्या एक्सओआर गणिताला दोष देऊ नका. कर्नल स्वतःच त्यासाठी सर्वात जलद पद्धत निवडतो, डीमेसेजमध्ये ‘एक्सओआर:’ ने सुरू होणाऱ्या ओळीत ते दिसतं.

दुसरा, त्याच फोल्डरमधला स्ट्राइप_कॅश_साइझ, म्हणजे कामात असलेल्या स्ट्राइप मेमरीत ठेवायची जागा. मूळ २५६, कमाल ३२७६८. मेमरीचा हिशोब: ४ केबी गुणिले ड्राइव्ह गुणिले ही संख्या. चार ड्राइव्ह आणि ८१९२ म्हणजे १२८ एमबी, सर्व्हरला किरकोळ.

बिटमॅपबद्दल (रेडच्या कोणत्या भागात राइट चालू आहेत याची नोंद) मात्र सांभाळून. शांत पडलेल्या भागावर राइट आला की आधी बिटमॅपमध्ये खूण लिहावी लागते, रँडम राइटला हा भुर्दंड जाणवतो. तो काढून टाकला की आकडे छान दिसतात, पण वीज गेल्यावर पॅरिटी पुन्हा जुळवायला अख्ख्या अ‍ॅरेचं रीसिंक. त्यापेक्षा बिटमॅप-चंक (एका खुणेखालचा भाग) २५६एम करून ठेवा. रीसिंकची मूळ कमाल २००००० केबी प्रतिसेकंद आहे, म्हणजे ३.८४ टीबीला सव्वापाच तास. डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मॅक्स वाढवा. आणि /प्रॉक/एमडीस्टॅट मध्ये रीसिंक चालू असताना घेतलेला कुठलाही आकडा फेकून द्या.

चंक (एका ड्राइव्हवर सलग जाणारा तुकडा) आधीच ठरवा, नंतर बदलायचा म्हणजे रीशेप, सगळा डेटा पुन्हा मांडणं. मूळ ५१२के, चार ड्राइव्हच्या रेड ५ मध्ये पूर्ण स्ट्राइप १५३६के. पूर्ण स्ट्राइप एकदम आली तर जुनं काही वाचावं लागत नाही. ६४के चंकला ती १९२के होते, म्हणून मोठे सलग राइट असतील तर लहान चंक सोयीचा. ५१२के वर एक्सएफएस फाइल सिस्टिम फॉरमॅट करताना लॉग स्ट्राइप युनिट फार मोठं असल्याची तक्रार करून ते ३२के करतं. घाबरू नका, निरुपद्रवी आहे.

डेटाबेससाठी मात्र इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ रेड १० घ्या. ११.५२ ऐवजी ७.६८ टीबी हातात येतात, पण पॅरिटी नाही आणि तो थ्रेडही वाटेत नाही.

सिसएफएसमधले (/सिस खालचे) दोन्ही बदल रीबूटनंतर पुसले जातात, यूडेव्ह या डिव्हाइस ओळखणाऱ्या सेवेच्या नियमात टाकून ठेवा. आणि डेबियनवर एखाद्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आकडे अचानक पडले, तर ट्यूनिंगला हात लावू नका. जुन्या क्रॉन (वेळापत्रक) फाइलप्रमाणे रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी अ‍ॅरेची तपासणी सुरू होते, तीच अजून चालू असेल.