हरेगावची वाट, २०२३

२०२३च्या सप्टेंबरात आमची दिंडी गंगापूर तालुक्यातून मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारिया हिच्या, यात्रेला निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं करपली होती. १९०१पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट नुकताच सरला होता. कपाशीची वाढ खुंटलेली, मका उभ्या उभ्या वाळलेला. त्यातच १ सप्टेंबरला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठवाड्यात एसटी धड सुरू राहिली नाही. मणिपूर मे महिन्यापासून पेटलं होतं, तिथल्या जळालेल्या चर्चचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. घरचे म्हणत होते, औंदा राहू द्या.

पण खरं ओझं वेगळंच होतं. ज्या हरेगावला आम्ही निघालो होतो, तिथेच ऑगस्टच्या शेवटी दलित पोरांना शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून झाडाला उलटं टांगून मारलं होतं. ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते. जपमाळ हातात असली तरी माझ्या डोळ्यांसमोरून ते झाड हलत नव्हतं.

हरेगाव श्रीरामपूर तालुक्यातलं, एके काळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे ओळखलं जाणारं. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्याच्या आसपास इथे यात्रा भरते. आमच्यासारखे कॅथलिक येतात, तसे नवस फेडायला हिंदू आणि बौद्धही येतात.

कायगावचा पूल ओलांडला. गोदावरीत पाणी होतं, पण सप्टेंबरात असावं तसं नव्हतं. प्रवरासंगमला थोडं टेकलो आणि पुढे नेवाशाला मुक्काम केला. जेवणं झाल्यावर एका काकांनी विषय काढला. उद्याच्या जपमाळेत त्या पोरांसाठी प्रार्थना ठेवायची का? काकांचं म्हणणं, नको. यात्रा देवाची आहे, त्यात भांडणं आणू नका, आपण आधीच मूठभर. कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं?

मला राग आला, पण त्यांची भीती मला कळत होती. आमच्या भागातले बहुतेक ख्रिस्ती कोणत्या वस्त्यांतून आले, हे आम्हालाही माहीत आहे आणि गावालाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, आम्ही अजून बाहेरच. म्हणजे कागदावर आम्हाला जात नाही, आणि गावात ती सुटत नाही. अशा माणसाला गप्प राहणं शहाणपणाचं वाटलं, तर त्याला भित्रा म्हणायची माझी तयारी नाही. तरीही गप्प राहणं चूक होतं असंच मी म्हणेन. भुकेल्याला, उघड्याला, तुरुंगातल्याला जे केलंत ते मलाच केलंत, असं प्रभू सांगतो. त्यात तो आपल्या धर्मग्रामातला, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतला, आहे का, असं विचारलेलं नाही.

आमच्या दिंडीतल्या थोरल्या मावशी बराच वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पोराला झाडाला टांगलेलं पाह्यलं तवा मला क्रुसाखालची मारियाच दिसली. तिच्याच यात्रेला चाललोय नं आपण?" मग थांबून म्हणाल्या, "आन् मारणाऱ्यांसाठी बी म्हणायचं."

यावर तरुण पोरं उसळली. मारणाऱ्यांसाठी कशाला? मलाही ते पटकन गिळवलं नाही. मावशी ठाम होत्या. खटला चालू दे, शिक्षा होऊ दे, त्यात माघार नाही. पण प्रार्थनेतून कुणाला काढायचं नाही. आम्ही बसलो होतो त्याच गावात ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. पसायदानात माउली खळांचा नाश मागत नाहीत. त्यांच्यातलं वाकडेपण सुटावं एवढंच मागतात. मला हे त्या रात्री आठवलं आणि मी मावशींच्या बाजूने बोललो. शत्रूवर प्रीती करा हे वचन आम्ही लहानपणापासून पाठ म्हणतो. त्याचा अर्थ अन्याय गिळा असा आम्हाला शिकवला गेला, आणि आमचं फार नुकसान झालं. मारियेचं स्वतःचं स्तोत्र काय सांगतं? देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, भुकेल्यांना तृप्त करतो.

पहाटे नेवासा सोडलं. टाकळीभानच्या वाटेवर दुःखाच्या रहस्यांची जपमाळ म्हटली; तिच्यात येशूच्या दुःखभोगातले पाच प्रसंग आठवतात, पाचवा त्याच्या क्रुसावरच्या मरणाचा. पाचव्या रहस्याला मावशींनी पोरांसाठी प्रार्थना केली, मारणाऱ्यांसाठी केली, साक्ष देणाऱ्यांचं धैर्य टिकावं म्हणूनही केली. तरुण पोरांतली दोघं मारणाऱ्यांच्या वेळी गप्प राहिली. कुणी त्यांना टोकलं नाही. काका मात्र सगळी जपमाळ आमच्याबरोबर म्हणाले.

हरेगावला माणसांचा पूर होता. मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, झाली, मेणबत्त्या लावल्या, नवस फेडले.

परतल्यावर आम्ही तहसीलदारांना निवेदन दिलं: खटला लवकर चालावा, साक्षीदारांना संरक्षण मिळावं. सह्यांसाठी बौद्ध वस्तीत गेलो, मातंग वस्तीत गेलो. तिथे आधी प्रश्न आला की तुम्ही आजवर कुठे होता, आणि तो प्रश्न रास्त होता. आता कुणावर काही गुदरलं की एकमेकांना कळवायचं, आणि पोलीस ठाण्यात जाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, एवढं ठरलंय. काकांनी निवेदनावर सही केली नाही. त्यांच्याशी आमचं बोलणं सुरू आहे.