दीड तासात खिडकीबाहेर एकदाच पाहिलं

काल दीड तास विमान चालवून आले, पण खाली नदी होती की डोंगर, विचाराल तर सांगता येणार नाही. डोक्यावर हूड होता. टोपीच्या लांब झापडीसारखी ही वस्तू खिडक्या झाकते आणि समोरचं पॅनल तेवढं दिसू देते. पट्टा कपाळात रुततो, मान अवघडते. मला हूड मनापासून नकोसा वाटतो, पण खऱ्या ढगात शिरण्याआधी सराव करायचा तर तो घालावाच लागतो. आसपासच्या विमानांवर लक्ष ठेवायचं काम तेवढा वेळ शेजारी बसलेल्या सरांचं. 24 सप्टेंबर 1929 ला अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल असेच झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून उडाले आणि केवळ उपकरणं बघत उतरले. सोबत बेन केल्सी होते, तेही बाहेर लक्ष ठेवायलाच. मला त्या दोघांबद्दल फार आदर वाटतो.

टेकऑफ, होल्डिंगच्या फेऱ्या (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं), पहिला अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं, सगळं बरं झालं. दुसऱ्या अप्रोचला, आयएलएसवर, मी हरले. आयएलएस म्हणजे बाहेर न बघता धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा.

पॅनलवर तिच्या दोन सुया. उभी लोकलायझरची, धावपट्टीच्या मध्यरेषेपासून किती सरकलो ते दाखवणारी. आडवी ग्लाइड स्लोपची, तीन अंशांच्या उतारावर आहोत की नाही ते सांगणारी. आमच्या सेसना 172 मध्ये 90 नॉट्सने येताना मिनिटाला साधारण 475 फूट उतरावं लागतं. लांब असताना सुया शांत असतात. पण लोकलायझर मोजतो तो कोन, त्यामुळे धावपट्टीजवळ त्याची वाट निमुळती होत जाते आणि लहानशी चूकही सुईला हलवते. हे पुस्तकात वाचलं होतं, हाताला काल कळलं.

उभी सुई जराशी डावीकडे गेली. मी एकदम दहा अंश डावीकडे वळले. सुई मध्यावर आली आणि थेट पलीकडे गेली. मग उजवीकडे. एवढ्यात आडवी सुई वर सरकलेली, म्हणजे मी उताराच्या खाली! थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, वाढवला. त्या धांदलीत डावा पंख केव्हा हळूच कलला ते जाणवलंच नाही. दिसल्यावर झटक्यात सरळ केला, तर आतून वाटायला लागलं की विमान आता उजवीकडे कलतंय. विमानाचा कल दाखवणाऱ्या ॲटिट्यूड इंडिकेटरवर मात्र पंख अगदी सरळ. सावकाश आलेला कल आतल्या कानाला कळत नाही, झटका मात्र कळतो, म्हणून हा भास होतो. माहीत असूनही हात पुन्हा डावीकडे जाऊ पाहत होता. तळव्यांना घाम फुटला. उभी सुई पार टोकाला टेकली.

"मिस्ड अप्रोच," मी म्हटलं, म्हणजे उतरणं सोडून परत वर. पूर्ण थ्रॉटल, नाक वर.

वर जाऊन स्थिरावेपर्यंत सर गप्प होते. मग म्हणाले, "सुईच्या मागे धावू नकोस. एक दिशा धर, सुई काय करते बघ. मग दोन अंश. पुन्हा थांब."

ते थांबणंच अवघड. तिसऱ्या वेळी सुई हलली तरी मी दोनच अंश वळले आणि मनात आकडे मोजत बसले. ती मुंगीच्या पावलांनी परत आली. 500 फूट. 300. 200 वर सर म्हणाले, "काढ."

हूड वर सारला. धावपट्टी थेट नाकासमोर, दोन्हीकडचे दिवे सारख्या अंतरावर, मधली पांढरी रेघ आमच्याकडे येत होती. मी बघतच राहिले.

"थ्रॉटल," सरांनी आठवण केली.