रोलँडचा डिजिटल पियानो एफपी-10 घ्यावा का? दोन वर्षं वाजवून झाल्यावर

आमच्या घरात आजोबांपासून पेटी, त्यामुळे लेक पियानो शिकायचाय म्हणाली तेव्हा मला वाटलं पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्या, एखादा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ आणि होईल सुरुवात. तिच्या टीचरनी सरळ नको सांगितलं आणि दुकानात कीबोर्ड आणि पियानो शेजारी शेजारी वाजवल्यावर मला ते पटलं. पेटीत आवाज लहानमोठा करायचा तो भात्याने, पट्टी कशीही दाबा, पियानोत मात्र ते सगळं बोटावर. कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांची सवय झालेलं मूल खऱ्या पियानोवर बसलं की बोटं दमतात, आणि हळू आवाजात वाजवायला गेलं तर सूर उमटतच नाही.

म्हणून रोलँडचा एफपी-10 घेतला. 88 पट्ट्या, हॅमर ॲक्शन (म्हणजे पट्ट्यांना खऱ्या पियानोच्या हातोड्यांसारखं वजन), खर्जात पट्टी जड लागते आणि वर जाऊ तशी हलकी होत जाते, अगदी खऱ्या पियानोसारखं. वाद्यांचे आवाज फक्त 15 आहेत आणि तालबिल काही नाही, पण शिकणाऱ्याला ते लागतही नाही हो, माझी लेक पहिल्या पियानोच्या आवाजावरून हललेलीच नाही. मला आवडलेली गोष्ट म्हणजे ट्विन पियानो, पट्ट्यांचे दोन भाग होतात आणि दोन्हीकडे सारखीच सप्तकं, मी डावीकडे वाजवते, लेक उजवीकडे तेच वाजवते. आणि ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर वर-खाली सरकवायची सोय! घरी भजनाला आई काळी चारमध्ये गाते, लेक पांढरी एकचीच बोटं ठेवून साथ करते.

आता जे आधी माहीत असायला हवं ते. वजन 12.3 किलो, म्हणजे दोघांनी उचलून नेता येतो, पण बॅटरीवर चालत नाही, अडॅप्टर लागतोच. बॅटरी हवीच असेल तर कॅसिओचा पीएक्स-एस1100 बघा, तो सहा डबल ए सेलवरही चालतो. सोबत येणारं सूर लांबवायचं पेडल नुसतं ऑन-ऑफ आहे, सुरुवातीला चालतं, पण हाफ पेडल, म्हणजे पेडल अर्धवट दाबणं, शिकायची वेळ आली की रोलँडचंच डीपी-10 पेडल वेगळं घ्यावं लागतं. इंटरमीडिएट असाल आणि बजेट असेल तर रोलँडचाच एफपी-30एक्स घ्या, पट्ट्यांची ॲक्शन तीच पण पॉलिफोनी (एका वेळी किती सूर वाजू शकतात ते) 96 ऐवजी 256 आणि स्पीकर जवळजवळ दुप्पट ताकदीचे, पेडल दाबून मोठा पीस वाजवताना फरक पडतो.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनो, हेडफोन लावला तरी पट्ट्यांची धपधप खाली ऐकू जाते, आमच्या खालच्या काकूंनी वर येऊन विचारलं रात्री काय कुटता म्हणून, तेव्हा स्टँडखाली जाड सतरंजी दुमडून घातली, आता त्रास नाही.

दुकानात जाताना स्वतःचे 3.5 मिमी पिनचे हेडफोन न्या, गोंगाटात स्पीकरवरून काही कळत नाही. आणि एकच पट्टी दहा वेळा, दरवेळी आधीपेक्षा हलक्या हाताने वाजवून बघा.