चादरीचा पेपर आणि अण्णांचा फोटो

रविवारी आमच्या डिजिटल स्क्रॅपबुकिंगच्या ग्रुपवर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या फोटोचा लेआउट टाकला तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, ताई हा चादरीचा पेपर कुठल्या किटमधला आहे. कुठल्याच किटमधला नाही, आमच्या घरातल्या चादरीचा आहे, आणि प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहिते म्हणलं, कारण त्या पानामागे लई काम आहे आणि ते काम मला मनापासून आवडलं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी अल्बमचं पान कागद कात्री गोंद घेऊन सजवायचो, तेच आता कॉम्प्युटरवर करायचं. एक पान म्हणजे एक लेआउट. साइज बहुतेक सगळे १२ बाय १२ इंच घेतात, ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) केलं की ते ३६०० बाय ३६०० पिक्सेल होतं, एवढं असलं की पुढे प्रिंट काढली तरी चित्र धूसर होत नाही. मागे जो रंगीत नक्षीचा कागद असतो त्याला पेपर म्हणतात, वर जी फुलं, बटणं, रिबिनी लावतात ती एलिमेंट्स, आणि फोटोशेजारी आपण जे दोन शब्द लिहितो ते जर्नलिंग. पेपर आणि एलिमेंट्स एकत्र मिळतात तो किट. मी जिम्प नावाचं फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरपण चालतं.

चार वर्षांपूर्वी मुलगी नोकरीला पुण्याला गेली, घर एकदम रिकामं झालं आणि माझ्या फोनमध्ये अकरा हजार फोटो होते ज्यातला एकपण परत उघडून बघितला जात नव्हता, तिथून हे सुरू झालं. आधी फुकटचे किट उतरवले. त्यात काय असायचं तर लाल पिवळी मेपलची पानं, बर्फाचे कण, भोपळे, पाइनची फळं. सुंदर असतात, करणाऱ्यांची मेहनत दिसते. मी आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं पान त्याच्यावर केलं, नंदीध्वजांची मिरवणूक, पांढरी बाराबंदी घातलेले लोक आणि कोपऱ्यात मेपलची पानं. आईला दाखवलं. आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ही कसली पानं गं, सिद्धरामेश्वराच्या यात्रेला बेल नको का?

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवाल्याकडून बेल आणला. गच्चीवर सावलीत पांढऱ्या कागदावर एकेक त्रिदळ ठेवून बरोबर वरून फोटो काढले (उन्हात काढू नका, पानाची सावली कागदावर कडक पडते आणि मग कापताना ती पानाला चिकटूनच येते), कॉम्प्युटरवर मागचा पांढरा भाग उडवला, कड एक पिक्सेलने मऊ केली आणि पीएनजी म्हणून सेव्ह केलं, कारण जेपीजी केलं की मागे पांढरा चौकोन येतो. ते माझं पहिलं स्वतःचं एलिमेंट. नंतर मागावरची कांडी (सुताची नळी), धोटा (आडवा दोरा नेतो तो), गुंडाळलेल्या सुताचा रंगीत धागा, ज्वारीचं कणीस, कडक भाकरीसुद्धा केली. बाराबंदीचे फोटो मात्र नेहमी जळायचे, भर दुपारी पांढऱ्या कपड्यावर फोनचा अंदाज चुकतो आणि कापडाच्या चुण्याच दिसत नाहीत, आता मी स्क्रीनवर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं खाली ओढते मग काढते, चेहरा जरा काळपट आला तरी तो नंतर उजळता येतो पण जळालेलं पांढरं परत येत नाही.

आता चादर.

आमचं माहेर पूर्व भागातलं, अशोक चौकाच्या अलीकडे, जिथे गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा आवाज पायाखाली जाणवतो. शेजारीपाजारी सगळे तेलुगू, आम्ही मराठी, पलीकडच्या गल्लीत कानडी, आणि आम्ही पोरं तिन्हीत भांडायचो. अण्णा जकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांचा कारखान्यातला एकच फोटो आहे, मागाशेजारी उभे, हातात पट्ट्यांचा गठ्ठा. हा फोटो चिकटणाऱ्या पानांच्या अल्बममध्ये होता, तोच तो, वर पातळ प्लॅस्टिक आणि खाली गोंदाच्या रेघा. तुमच्याकडेपण असेल. तो अल्बम आजच उघडा, खरंच सांगते, तो गोंद वर्षं गेली की पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीत शिरतो. मी दात साफ करायचा बारीक धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवला, तीन कोपरे सुटले, चौथा सुटेना. ओढला नाही. वरचं प्लॅस्टिक तेवढं उचललं आणि पानासकट स्कॅनरवर ठेवला, ६०० डीपीआयला. छोटा फोटो ३०० ला स्कॅन केला तर मोठा करायला काही उरत नाही, ६०० ला ४ बाय ६ चा फोटोसुद्धा २४०० बाय ३६०० पिक्सेलचा येतो, म्हणजे पानाच्या पूर्ण उंचीचा लावता येतो. मूळ स्कॅन टिफमध्ये (दर्जा न घटणारी फाइल) ठेवला, त्याला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते कॉपीवर.

चादर स्कॅन करणं त्याहून अवघड निघालं. जाड असते, झाकण बसत नाही, कडेने उजेड आत शिरतो. मग झाकण उघडंच ठेवून चादरीच्या चार घड्या केल्या, वरून काळं कापड टाकलं आणि त्यावर पाट ठेवला. स्कॅन छान आला पण ग्रुपवर टाकायला छोटा केला की त्यावर लाटा दिसायला लागल्या, पाण्यावर दिसतात तशा गोल गोल. विणीच्या रेघा आणि पिक्सेलच्या रेघा एकमेकींवर बसल्या की असं होतं. त्यावर उपाय दोन, एकतर छोटं करायच्या आधी अगदी किंचित ब्लर द्यायचा, किंवा चादर स्कॅनरवर जरा तिरकी ठेवायची आणि नंतर कॉम्प्युटरवर सरळ फिरवून घ्यायची. मला दुसरा जमला. पण स्कॅनमध्ये चादर सपाट दिसते, कापडाचा जाडपणा जातो, म्हणून शेवटी खिडकीपाशी सकाळचं उन्ह बाजूने येत असताना फोनने फोटो काढला, तेव्हा एकेक दोरा उठून दिसला. पानावर जो पेपर आहे तो हा खिडकीतला आहे. रंग थोडे उतरवले आणि कॉन्ट्रास्ट कमी केला, नाहीतर चादरीचा लाल रंग अण्णांचा चेहरा खाऊन टाकत होता.

आणि मग जर्नलिंग. हे मी नेहमी शेवटी करायचे आणि उरकायचे, अण्णा, कारखाना, सोलापूर, झालं. यावेळी आईला विचारलं की त्यांच्या हातात हे काय आहे. आई दीड तास बोलली. मी फोनवर रेकॉर्ड केलं.

त्या पंचिंगच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पट्ट्या होत्या. चादरीवरची नक्षी आधी चौकडीच्या कागदावर काढायची, एकेक घर रंगवत, आणि मग त्या घरांप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक दोऱ्याला एक पट्टी. जिथे भोक आहे तिथे ताण्याचा, म्हणजे उभा दोरा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो, त्यातून धोटा जातो आणि नक्षी उतरते. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ मध्ये हे यंत्र आणलं, त्याचंच नाव आमच्या गल्लीत पोराटोरांच्या तोंडी होतं आणि मला लग्न होईपर्यंत वाटायचं की जकार्ड हा तेलुगू शब्द आहे. आई म्हणाली, एक भोक चुकलं तर चादरीवर तेवढीच रेघ चुकलेली दिसते आणि तीच चूक प्रत्येक चादरीत येते, म्हणून अण्णा रात्री घरी पट्ट्या आणायचे आणि कंदिलावर धरून भोकं मोजायचे. कंदिलाचा उजेड भोकांतून भिंतीवर पडायचा. मी तेव्हा तीन वर्षांची होते म्हणे आणि भिंतीवरचे ठिपके धरायला जायचे.

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आईला वाटायचं यात सांगण्यासारखं काय आहे.

ट्रंकेत चौकडीचा एक कागद मिळाला, अर्धवट रंगवलेला, कोपरे उंदराने खाल्लेले. तो स्कॅन केला आणि अण्णांच्या फोटोच्या कडेला लेयर मास्क (फोटोचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा पडदा) म्हणून वापरला, म्हणून फोटोची कड चौकोन चौकोन होत चादरीत मिसळते. मैत्रिणींनी विचारलं हे कुठलं ब्रश आहे, ब्रश नाही, तो अण्णांचा कागद आहे.

ग्रुपबद्दलपण लिहायचंय. छान, मस्त, अप्रतिम हे वाचायला चांगलं वाटतं आणि मीपण लिहिते, पण मला ज्यांनी शिकवलं ते चुका सांगणारे. इचलकरंजीच्या एका ताईंनी लिहिलं की फोटोची सावली उजवीकडे खाली पडतीये आणि बेलाच्या पानाची डावीकडे, म्हणजे पानावर दोन सूर्य आहेत. बरोबर होतं त्यांचं. सगळ्या लेयरला, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांना, उजेड एकाच बाजूने पाहिजे, आणि कागदाला कागद चिकटलेला असेल तर सावली बारीक आणि जवळ, फूल किंवा पान वर उचललेलं असेल तर सावली लांब आणि फिकट. हे मी दोन वर्षं सगळ्याला सारखीच सावली देत होते. त्या ताई मागवाल्यांच्या घरातल्याच आहेत, कड कुठे चुकली ते त्यांना लगेच दिसतं. त्यांना मी मनापासून धन्यवाद दिले आणि पान दुरुस्त करून परत टाकलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागलीये. मागच्या वर्षी मी कांडी धोट्याचा छोटा किट सगळ्यांना फुकट दिला होता, घरगुती वापरासाठी, आणि काही महिन्यांनी तोच किट माझं नाव कापून एका ठिकाणी पैशाला विकायला ठेवलेला दिसला. रात्रभर झोप नाही आली. पैशाचं नाही, तो धोटा अण्णांचा आहे. म्हणून कळकळीने सांगते, कोणाचाही किट वापरला तर पानाखाली करणाऱ्याचं नाव टाका, मैत्रिणीला झिप फाइल पाठवू नका, जिथून घेतला तो पत्ता पाठवा, आणि विकायचं असेल तर आधी विचारा. फोटोचंपण तसंच आहे, यात्रेतल्या गर्दीचा फोटो वेगळा, पण दुसऱ्याच्या पोराचा चेहरा पानभर लावायचा असेल तर त्याच्या आईला विचारूनच लावा. मी विचारते, आणि आजवर एकीनेच नको म्हणलं, मग तो फोटो नाही लावला.

प्रिंटचं थोडं सांगते कारण पहिल्यांदा माझे पैसे वाया गेले. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम केलं की प्रिंट काळी येते, तो अर्ध्यावर ठेवा. कडेला अर्धा इंच महत्त्वाचं काही ठेवू नका, कटिंगमध्ये जातं, माझ्या एका पानावर आजीचं आडनाव गेलं. आणि लॅबला फाइल व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबून छोटी करतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन जा.

अण्णांच्या पानाची प्रिंट परवा नवी पेठेतून आणली आणि आईच्या हातात दिली. तिने जर्नलिंग वाचलं, कंदिलाचं वाचताना थांबली, फोटोवरून बोट फिरवलं. मग चादरीच्या नक्षीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, सगळं बरोबर आहे गं, पण ही चादर त्यांची नाही. ही आपण नंतर बाजारातून घेतली. त्यांनी भोकं पाडलेली मोराची होती, ती आत्याच्या लग्नात दिली.

आत्याला फोन केला. चादर आहे म्हणाली, माळ्यावर, नातवंडांना थंडीत काढते. शनिवारी सकाळच्या एसटीने बार्शीला चाललीये, काळं कापड बरोबर घेतेय, आणि आत्याच्या घराला पूर्वेकडे खिडकी आहे का तेपण विचारून ठेवलंय. आहे.