तुम्ही विचारलंत म्हणून: बाबा कोणत्या लढाईत होते?

"फौजी होते ना तुमचे बाबा? मग कोणत्या लढाईत होते?"

बाबा गेले तरी हा प्रश्न यायचा थांबला नाही. बँकेच्या रांगेत येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, सोयाबीन घेऊन आर्वीच्या मार्केट यार्डात गेलो तर तिथंही येतो. विचारणाऱ्याजवळ उत्तर आधीच तयार असतं. तरुण असला तर तो स्वतःच कारगिल म्हणतो, जुना असला तर एकाहत्तर. मी श्रीलंका म्हटलं की चेहरा उतरतो. "तिथं कायची लढाई झाल्ती बापा?" म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

झाली होती. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवायची, तमिळ भागाला अधिकार द्यायचे, आणि हे सगळं सुखरूप पार पडावं म्हणून भारताची फौज तिथं जायची. तिचं नाव शांतिसेना. ऑक्टोबरमध्ये त्या शांतीचा निकाल लागला. शस्त्रं ठेवणार होती तीच बंडखोरांची संघटना एलटीटीई समोर उभी राहिली आणि उत्तर श्रीलंकेतल्या जाफना शहरात गल्लोगल्ली लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर आपले सुमारे १२०० सैनिक गेले होते. कारगिलमध्ये ५२७ गेले. मेलेल्यांचे आकडे शेजारी ठेवू नयेत हे मलाही कळतं. पण कारगिल गावातल्या पोराबाळांना पाठ आहे आणि हे नाव शिकलेल्या माणसालाही सांगावं लागतं, म्हणून ठेवले.

बाबा महार रेजिमेंटचे. या रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली आणि दुसरी आपल्या कामठीत, त्यामुळे आमच्याकडच्या वस्त्यांत तिचं नाव घरच्यासारखं घेतात. टोपीवरच्या बिल्ल्यात एकमेकींवर ठेवलेल्या दोन मशीनगन. बाबा १९७८ साली भरती झाले, इटारसी-बीनामार्गे मध्य प्रदेशातल्या सागरच्या ट्रेनिंग सेंटरला गेले, तेव्हा अठरा वर्षांचे होते. घरी कोरडवाहू चार एकर आणि तीन भाऊ. देशसेवा वगैरे भाषणात ठीक आहे, ते स्वतः म्हणायचे, "पोटासाठी गेलो. बाकीचं तिथं गेल्यावर शिकलो."

पलटणीचा नंबर मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पण एक नाव ते घ्यायचे, मेजर रामास्वामी परमेश्वरन. आठव्या महारचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला झडतीवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. श्रीलंकेच्या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. बाबा तिथं नव्हते. "मी होतो" असं खोटं म्हणाले असते तरी गावात कोण पडताळायला जाणार होतं? पण दरवेळी गोष्ट सुरू करण्याआधी सांगायचे, "मी दुसरीकडे होतो, मले हे मागून समजलं."

आई त्या वर्षांचं वेगळं सांगते. पत्रावर पत्ता फक्त ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा नंबर. त्यावरून माणूस लडाखात आहे की समुद्रापार, काही कळत नाही. पत्र वाचून दाखवायला शाळेचे गुरुजी. त्यामुळे पत्रातही 'तब्येत ठीक आहे, शेताकडे लक्ष दे' यापलीकडे काही नसायचं. नवरा श्रीलंकेत आहे हे तिला दिराकडून कळलं, आणि तिथं गोळ्या चालतात हे आकाशवाणीच्या बातम्यांवरून. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो. परत आलेल्या माणसाला मी "काका" म्हटलं म्हणतात.

लढाईचं ते फारसं बोलायचे नाहीत. ताडाची झाडं सांगायचे, लाल माती सांगायचे, खडकात खोदलेल्या विहिरींचं गोडं पाणी सांगायचे. भाषा कळत नाही, तरी म्हातारी बाई पाणी देते. त्याच घरातला पोरगा रात्री काय करतो ते माहीत नाही. एवढंच. मी खोदून विचारलं तर आईला हाक मारायचे, "चहा मांड वं."

पण काही गोष्टी पायांनी सांगितल्या. बाबा शेताच्या पांधणीतून नेहमी बैलबंडीच्या चाकोरीतून चालायचे. पावसाळ्यात चाकोरीत गुडघाभर चिखल असायचा, बाजूची कड कोरडी असायची, तरी ते चिखलातूनच. ग्रामपंचायतीनं नळाच्या पाइपसाठी गल्लीत नाली खोदून बुजवली, तेव्हा पुढचे कितीतरी महिने ते मागच्या बाजूनं फिरून घरी यायचे. आम्ही हसायचो. शेजारीपाजारी "फौजी सनकी हाय" म्हणायचे. फार पुढे, शांतिसेनेतल्या दुसऱ्या एका माणसानं मला सांगितलं की तिथल्या रस्त्यांत आणि रस्त्यांच्या कडेला सुरुंग पेरलेले असत. ताजी उकरलेली माती दिसली की थांबायचं, आणि आधी गेलेल्याच्या पावलावर पाऊल टाकायचं. बाबांना मी त्याबद्दल काही विचारलं नाही. चाकोरीतला चिखल मात्र त्यानंतर मीही तुडवू लागलो, त्यांच्या मागं मागं.

शाळेत दर पंधरा ऑगस्टला त्यांना बोलवायचे. हेडमास्तर माईकवर म्हणायचे, "कारगिलचे वीर जवान." बाबा उठून म्हणायचे, "सर, श्रीलंका." टाळ्या वाजायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा कारगिल. हेडमास्तर बदलले, कारगिल काही बदललं नाही. मला राग यायचा, त्यांना यायचा नाही. मद्रास बंदरात परत आलेल्या शांतिसेनेच्या स्वागताला खुद्द तिथल्या मुख्यमंत्र्यांनी यायला नकार दिला होता. त्यापुढे आमच्या हेडमास्तरांची चूक ती काय.

पलटणीतून पेन्शनीत आल्यावर ते डीएससीत गेले. म्हणजे माजी सैनिकांनीच पुन्हा वर्दी चढवून लष्करी ठाण्यांची राखण करायची. शेवटची वर्षं नशिबानं पुलगावच्या दारूगोळा डेपोत मिळाली आणि पंचावन्नाव्या वर्षी ते घरी आले. वर्षभरात, ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्री, डेपोला आग लागून स्फोट झाले. आमच्या खिडक्या वाजल्या. डेपोजवळच्या आगरगावची माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडून निघाली होती. बाबा उठले, बूट चढवले आणि गाडीची चावी शोधू लागले. चावी आईच्या मुठीत.

"रिटायर झाले ना तुम्ही? तिथं कोन हाय आता तुमचं?"

"सारेच हायेत."

चावी तिनं दिली नाही. सकाळपर्यंत ते बूट घालून ओसरीवर बसून होते. आग विझवायला गेलेले जवान आणि अधिकारी त्या रात्री मेले. त्यांच्यातले काही बाबांच्या ओळखीचे होते.

नंतरची वर्षं त्यांनी कागदांत घालवली, आणि माझ्या मते त्यांची खरी लढाई हीच. आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात. फौजेच्या पुस्तकात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नवरा गेला की पेन्शन तिथंच अडते. पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या नोंदीत बदल करणारा आदेश), पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), प्रतिज्ञापत्र, हयातीचा दाखला, हे शब्द तालुक्यातल्या किती विधवांना बाबांनी समजावले असतील! सोबत वर्ध्याला जायचे, एसटीचं भाडं स्वतःचं स्वतः द्यायचे. एका साहेबानं "तुम्ही एजंट का?" विचारलं तर म्हणाले, "हवालदार."

२०२३ च्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला आणि पावसाळ्यात ते गेले. तेव्हाही लोकांनी विचारलं, तिरंगा काहून नाही, बंदुका काहून नाही? ध्वजसंहितेप्रमाणे पार्थिवावर तिरंगा येतो तो शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारालाच. पेन्शनीतल्या प्रत्येक सैनिकाला तो इतमाम आपोआप मिळत नाही, आणि मागू नका असं बाबांनीच बजावलं होतं. त्रिसरण-पंचशील झालं. तालुक्यातले माजी सैनिक भर पावसात आले, फौजेतल्या जुन्या बेरे टोप्या घालून रांगेत उभे राहिले. एकानं मोबाइलवर बिगुल लावला, तर मध्येच त्याला गॅस एजन्सीचा फोन आला. बाबा असते तर सगळ्यात मोठ्यानं तेच हसले असते.

त्यांच्या पेटीत एक फाईल निघाली. आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज त्यांच्याच अक्षरात भरलेला, फक्त मृत्यूच्या तारखेची जागा कोरी. सोबत चिठ्ठी: सात वर्षं किंवा मी ६७ चा झालो असतो तोवर, जे आधी येईल तोवर, वाढीव पेन्शन मिळेल. मग कमी होईल. तेव्हा बँकवाल्याशी भांडू नको. आई म्हणाली, "मरतानाही माझा भरोसा नोयता या मानसाले."

गेल्या पंधरा ऑगस्टला शाळेनं मला बोलवलं. करार, जाफना, परमेश्वरन, सगळं सांगितलं. सहावीतल्या एका पोरानं हात वर केला. "मंग आपुन जिंकलो का?" मी म्हटलं, नाही. हेडमास्तरांनी लगेच माईक घेतला आणि बुंदी वाटायला सांगितली. पोरगा बुंदीचा कागद घेऊन माझ्याजवळ आला.

"तुमच्या बाबाजवळ मशीनगन होती?"

"होती."

"चालोली त्याहिनं?"

"चालवली असंल. मले नाही सांगतलं."

"अन् तुमी इचारलंच नाही?"

"इचारलं ना. चहा मांडाले सांगत."