सोनं पाण्यात होतं म्हणून: ओटागोच्या नद्या आणि बुडालेले खाणकरी

न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतातल्या क्वीन्सटाउनला आलेला पर्यटक शॉटओव्हर नदीवर जेटबोटीत बसतो, बोट कातळाला घासून वळली की ओरडतो, फोटो काढतो आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतो. याच घळीत 1862-63 मध्ये माणसं कंबरभर पाण्यात उभी राहून सोनं धूत होती आणि त्यातली कितीतरी वाहून गेली. 1840 ते 1870 या काळात न्यूझीलंडच्या नद्यांनी 1,115 बळी घेतल्याची नोंद आहे. देशाची लोकसंख्या तेव्हा अगदी थोडी होती. बुडण्याला ‘न्यूझीलंडचं मरण’ असं नाव पडलं होतं ते उगाच नाही.

याला ‘नशीब’ म्हणून सोडून देता येत नाही. सोन्याचा धंदाच असा होता की जिथे माल, तिथेच धोका. सोन्याची घनता 19.3, साध्या वाळूची 2.65 च्या आसपास. पुराची धार जिथे मंदावते, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला, धोंड्यांच्या आडोशाला किंवा पात्राखालच्या कातळाच्या भेगांत, तिथे जड कण आधी बसतात. त्यामुळे चांगला थर बहुधा पाण्याखाली असतो आणि नदी उतरते तेव्हाच उघडा पडतो.

इथे नदी उतरते ती हिवाळ्यात. जून ते ऑगस्ट डोंगरावर पाणी गोठलेलं असतं. 1862 च्या हिवाळ्यात होरेशिओ हार्टली आणि क्रिस्टोफर रायली या दोघांनी क्लुथा नदीच्या क्रॉमवेल घळीत उघड्या पडलेल्या काठांवरून सोनं गोळा केलं आणि ऑगस्टमध्ये 87 पौंड सोनं डनेडिनला नेऊन जमा केलं. बातमी फुटल्यावर हजारो लोक डोंगर ओलांडून धावले. ते पोचून स्थिरावेपर्यंत वसंत आला, बर्फ वितळलं, नदी चढली. दोघांनी ज्या काठांवर कमाई केली ते पाण्याखाली गेले. थांबायला पैसा नव्हता, शिधा महाग, म्हणून लोक चढत्या पाण्यातच उतरले.

कामाची पद्धत साधी. पात्राच्या कडेचा थोडा भाग दगड, माती आणि भरलेल्या पोत्यांच्या बांधाने वेगळा काढायचा, आतलं पाणी उपसायचं, वरचे गोटे हलवून कातळापर्यंत खणायचं आणि निघालेली वाळू लाकडी पाळण्यात (हलवून वाळू चाळायच्या पेटीत) किंवा पन्हळीत धुवायची. माणूस बांधाच्या आत, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली उभा असतो. बांध फुटण्याआधी बहुतेक वेळा तळातून पाझर वाढतो आणि पाणी गढूळ होतं. पण कातळ हाताशी आलेला असताना बाहेर कोण पडणार? सापडलेलं सोनं कमरेच्या पट्ट्यात बांधलेलं, पायात जड बूट, अंगावर भिजलेली लोकर. पोहता येणारे तर फारच थोडे.

सगळ्या नद्या सारख्या वागत नाहीत, हे नवख्यांना कळत नव्हतं. क्लुथाच्या डोक्यावर वाकाटिपू, वानाका आणि हावेआ ही तीन मोठी सरोवरं आहेत. ती पाऊस साठवतात, त्यामुळे क्लुथा हळू चढते आणि चढली की बरेच दिवस उतरत नाही. शॉटओव्हर आणि ॲरो या नद्यांवर असा साठा नाही. डोंगरात पाऊस पडला की अरुंद घळीत काही तासांत पाणी उभं राहतं, खाली आभाळ निरभ्र असलं तरी. जुलै 1863 मध्ये पाऊस आणि वितळतं बर्फ एकत्र आलं, तेव्हा काठावरचे तंबू झोपलेल्या माणसांसकट गेले. पाण्याजवळ तंबू ठोकला की चालणं वाचतं, हा हिशेब तेवढ्यापुरता खरा होता.

आता धारेचं गणित. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मांड्यांपर्यंत पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर सेकंदाला 1 मीटर वेगाच्या धारेत ढोबळमानाने 9 किलो वजनाइतका रेटा पडतो, 2 मीटर वेगात 36 किलो. त्यात बर्फाचं पाणी. अंगाला गारठा लागला की पहिल्या मिनिटात माणूस आपोआप धापा टाकतो, आणि तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर तिथेच संपलं. तो क्षण टळला तरी साधारण दहा मिनिटांत हातपाय कामातून जातात. पट्टीचा पोहणाराही म्हणून वाचत नाही.

काम नसतानाही नदी ओलांडावी लागेच, कारण दुकान एका काठावर आणि खाण दुसऱ्या. उतार, म्हणजे उथळ जागा, शोधून चालत जायचं, घोड्यावरून जायचं किंवा माणसं पलीकडे नेणाऱ्या तराफ्याने. घोडा पोहू लागला की लगाम सैल सोडावा लागतो. घाबरून ओढला तर घोडा डोकं वर करून उलटतो. हे तराफे पुढे नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला बांधले जाऊ लागले: तराफा धारेला तिरका धरला की पाण्याचा रेटाच त्याला पलीकडे ढकलतो, वल्ही लागत नाहीत. टुआपेका माउथचा असा तराफा 1896 पासूनचा.

न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांकडे याहून जुनी युक्ती होती. एक लांब खांब सगळ्यांनी मिळून छातीशी धरायचा, खांब धारेला समांतर, सर्वांत दणकट माणूस वरच्या टोकाला, आणि एकसाथ पाऊल टाकायचं. पुढचा माणूस धार फोडतो, मागच्यांना आडोसा मिळतो. खोल पाण्यासाठी ते लव्हाळ्याच्या आणि हाराकेके या लांब पात्यांच्या झाडाच्या वाळक्या दांड्यांच्या मोळ्या बांधून मोकिही नावाची सांगड करत. खाणकऱ्यांपैकी फार जणांनी हे शिकून घेतलं नाही, याचं नवल वाटतं.

या गर्दीच्या सुरुवातीला एक दुवा आपल्याकडचाही आहे. गॅब्रिएल रीडला 1861 मध्ये सोनं सापडण्याआधी त्याच टुआपेका भागात एडवर्ड पीटर्सला ते दिसलं होतं. पीटर्स हिंदुस्थानातून आलेला. त्याचं मूळ कुणी मुंबईचं सांगतात, कुणी गोव्याचं. श्रेय अर्थातच रीडला मिळालं.

थंड पाण्यात प्रेत लवकर फुगत नाही, म्हणून वर येत नाही. ते आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, कित्येक मैल खाली एखाद्या वाळूच्या पट्ट्यावर लागे, ओळख पटण्यापलीकडे. मिलर्स फ्लॅटजवळ हॉर्सशू बेंडला 1865 चं असं एक थडगं आहे. त्यावर मजकूर आहे, ‘कुणाचा तरी लाडका इथे पुरला आहे’. शेजारी विल्यम रिग्नी 1912 मध्ये पुरला गेला आणि त्याच्या दगडावर ‘त्या लाडक्याला पुरणारा’ असं कोरलं. खरं तर पुरणारे दुसरे होते, आपण पाटी आणि कुंपण केलं, असं रिग्नीने स्वतः पत्रात लिहिलं होतं. दगडाने काही ते ऐकलं नाही.

आज क्लुथावर रॉक्सबर्ग (1956) आणि क्लाइड (1992) ही धरणं आहेत, आणि हार्टली-रायलींची घळ क्लाइड धरणाच्या जलाशयाखाली गेली. धरणाखालची पातळी वीजमागणीप्रमाणे दिवसातही बदलते, म्हणून काठावर बसताना पाण्याच्या रेषेवर एक खूण करून ठेवा. ट्रेकला नदी ओलांडायची असेल तर आधी ओटागो प्रादेशिक परिषदेच्या संकेतस्थळावर प्रवाहाचे आकडे बघा. पाणी गढूळ असेल, तळातून गोटे गडगडल्याचा आवाज येत असेल किंवा लाकडं वाहत असतील तर ओलांडू नका, अलीकडेच मुक्काम करा. पाऊस थांबला की सरोवर नसलेल्या नद्या चढतात तशाच भराभर उतरतात.